फॉरमॅट मारण्याआधी: घरचा कॉम्प्युटर रखडतो, मधेच हँग होतो तेव्हा काय तपासायचं

"कॉम्प्युटर फार स्लो झालाय, मधेच हँग होतो. जरा फॉरमॅट मारून द्या ना, मॅडम." चिपळूणमध्ये गेली चौदा-पंधरा वर्षं मी हे वाक्य ऐकते आहे. शाळेच्या लॅबमधली मशीनं सांभाळणं हे माझं काम. त्या ओळखीवर शिक्षक, पालक, शेजारी आपापलं मशीन रिक्षात घालून घरी आणतात. आलेलं प्रत्येक मशीन मी एका वहीत लिहिते: तक्रार काय होती, निघालं काय, बदललं काय. ती वही चाळली तर फॉरमॅटने खरोखर बरी झालेली मशीनं फार थोडी सापडतात. बाकीच्यांत कुठे हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजत होती, कुठे पंखा धुळीने बसला होता, कुठे रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) ढिली होती, तर कुठे एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारं आतलं खोकं) थकला होता.

अशा मशीनवर फॉरमॅट मारला, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकलं, की पंधरा दिवस बरं वाटतं, त्यालाही कारण आहे. विंडोजच्या फाइल्स डिस्कवर नव्या जागी पडतात आणि खराब जागा तात्पुरती टळते. मग हळूहळू डिस्क भरते, पुन्हा तीच जागा वाचायची वेळ येते आणि तक्रार परत येते. दरम्यान डेस्कटॉपवर ठेवलेले मुंजीचे फोटो गेलेले असतात.

खाली लिहिलेलं सगळं विंडोज १० किंवा ११ असलेल्या घरगुती डेस्कटॉपला धरून आहे. लॅपटॉपचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगते.

लक्षणं: "हँग होतो" म्हणजे नक्की काय होतं?

या एका शब्दात लोक पाच-सहा वेगळे आजार सांगतात. तुमचा कोणता ते आधी ओळखा.

- चालू व्हायलाच दहा मिनिटं लागतात, पण एकदा गाडी रुळावर आली की बरं चालतं.
- माउस हलतो, पण काहीही क्लिक केलं तरी अर्धा-एक मिनिट हूं की चूं नाही. मग सगळ्या क्लिक एकदम उघडतात.
- ठराविक फोल्डर किंवा ठराविक फाइल उघडली की तिथेच अडकतं.
- सुरुवातीला ठणठणीत, पण वीस-पंचवीस मिनिटांनी किंवा व्हिडिओ कॉल लावला की रखडायला लागतं. पंख्याचा आवाज वाढतो.
- चित्र जिथल्या तिथे गोठतं, माउसही हलत नाही, स्पीकरमधून एकच सूर घुमत राहतो. बटण दाबून बंद करण्यावाचून गत्यंतर नाही.
- काही न सांगता बंद पडून आपोआप पुन्हा सुरू होतं, किंवा निळा पडदा येतो.
- कॅबिनेटमधून टक्... टक्... टक् असा ठरावीक लयीतला आवाज येतो. हे लक्षण असेल तर इथेच थांबा. मशीन बंद करा आणि थेट शेवटचा भाग वाचा.

मशीन गोठलेलं असताना दोन गोष्टी बघून ठेवा, पैसा लागत नाही. एक, कीबोर्डवरचं नम लॉकचं बटण दाबा. दिवा लागतो-विझतो का? लागत असेल तर मशीन आतून जिवंत आहे, कशाची तरी वाट बघत बसलं आहे. अजिबात दाद देत नसेल तर अडचण खोल आहे, बहुधा रॅम, वीज किंवा मदरबोर्डपर्यंत (सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य पाटीपर्यंत) पोचलेली. दोन, कॅबिनेटच्या तोंडावरचा हार्ड डिस्कचा छोटा दिवा बघा. गोठलेल्या वेळी तो सलग पेटून राहिला असेल तर संशय डिस्कवर. पूर्ण विझलेला असेल तर डिस्क निर्दोष असण्याची शक्यता वाढते.

हे कागदावर लिहा, वेळेसकट. "कधी कधी होतं" या माहितीवर कुणालाच काही शोधता येत नाही. "संध्याकाळी, कॉल लावल्यावर वीस मिनिटांनी, नम लॉक चालू" एवढं कळलं की अर्धं काम झालं.

हात लावण्याआधी डेटा बाहेर काढा

मशीन अजून सुरू होतंय तोवर महत्त्वाचं सगळं बाहेरच्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो हे सगळ्यांना आठवतं. विसरतात ते वेगळंच: टॅलीचा डेटा फोल्डर, ब्राउझरमधले बुकमार्क, पावत्यांच्या पीडीएफ असलेला डाउनलोड्स फोल्डर, आणि डीटीपी करणाऱ्यांचे जुने मराठी फॉन्ट. ते फॉन्ट गेले तर फाइल शाबूत असूनही मजकूर वाचता येत नाही.

आधी लहान आणि मोलाचं उतरवा, सिनेमे शेवटी. एखाद्या फाइलवर कॉपी अडकली तर तिच्याशी झगडत बसू नका. ती सोडून पुढे जा आणि तिचं नाव लिहून ठेवा. खराब जागेवर डिस्क पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते आणि त्या धडपडीत उरलेलाही जीव जातो.

नव्या विंडोज ११ मशीनवर बिटलॉकर (डिस्कवरच्या डेटाला कुलूप लावणारी विंडोजची सोय) आपोआप चालू झालेला असू शकतो. त्याची ४८ आकड्यांची रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळते. आत्ताच वहीत उतरवून घ्या. पुढे बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, मदरबोर्डच्या सेटिंग्जच्या प्रोग्रॅममध्ये) काही बदललं आणि मशीनने ती मागितली, तर तिच्याशिवाय तुमचाच डेटा तुम्हाला उघडता येणार नाही.

१. खुर्चीतून न उठता करायच्या गोष्टी

रीस्टार्ट करा. हसू नका. विंडोज १० आणि ११ मध्ये "शट डाउन" म्हटलं की बहुतेक मशीनं पूर्ण बंद होत नाहीत. फास्ट स्टार्टअपमुळे विंडोजचा गाभा डिस्कवर तसाच जपला जातो आणि सकाळी तोच परत येतो. महिनाभर रोज रात्री "बंद" केलेलं मशीन आतून महिनाभर चालूच असतं. टास्क मॅनेजरमध्ये (तो कसा उघडायचा ते पुढच्या भागात) सीपीयूच्या, म्हणजे प्रोसेसरच्या, पानावर अप टाइम दिसतो, तो बघा म्हणजे पटेल. रीस्टार्ट मात्र खरा रीस्टार्ट असतो.

मग कीबोर्ड, माउस सोडून बाकी सगळं काढा: प्रिंटर, वेबकॅम, कार्ड रीडर, मागे कायमचा खोचून ठेवलेला पेन ड्राइव्ह. बिघडलेलं यूएसबी उपकरण सगळ्या मशीनला ताटकळत ठेवू शकतं. एक दिवस असं वापरून बघा.

सी ड्राइव्हमध्ये किती जागा उरली आहे? दहा-पंधरा टक्क्यांच्या खाली गेली असेल तर विंडोजला तात्पुरत्या फाइल्स ठेवायला आणि अपडेट उतरवायला जागा पुरत नाही. रीसायकल बिन आणि डाउनलोड्स रिकामे करा.

दोन अँटीव्हायरस एकाच वेळी चालत असतील तर एक काढा. दोघं एकमेकांची प्रत्येक फाइल तपासत बसतात. आणि "फुकट अ‍ॅक्टिव्हेट" करून देणारी प्रोग्रॅम्स टाकली असतील तर संशय तिथेच घ्या. माझ्या वहीत अशी मशीनं आहेत जी रात्रंदिवस दुसऱ्या कुणासाठी बिटकॉइनच्या जातीचं चलन खणत होती आणि विजेचं बिल मात्र घरमालक भरत होता. ही एक अवस्था अशी आहे जिथे फॉरमॅट हेच औषध.

२. टास्क मॅनेजर: मशीन कशाची वाट बघतंय?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. परफॉर्मन्सचं पान उघडा आणि मशीन रखडायची वाट बघा.

मेमरी नव्वद टक्क्यांवर चिकटलेली असेल तर रॅम अपुरी पडते आहे. ४ जीबी रॅम आणि क्रोमच्या वीस टॅब हे गणित जमत नाही. रॅम संपली की विंडोज डिस्कलाच रॅमसारखं वापरायला लागतं, आणि डिस्क रॅमच्या मानाने फारच मंद. अजून एक: घरात ८ जीबी रॅम बसवली आहे पण विंडोज ३२ बिटचं आहे, असं मी अनेकदा पाहिलं आहे. ते जेमतेम ४ जीबीपर्यंतच वापरू शकतं. पैसे रॅमला दिले, उपयोग शून्य.

सीपीयू शंभरावर असेल तर कोणता प्रोग्रॅम खातोय ते प्रोसेसेसच्या पानावरच्या यादीत दिसेल. विंडोज अपडेट किंवा डिफेंडर (विंडोजचाच अँटीव्हायरस) असेल तर तासभर जाऊ द्या.

पण सगळ्यात जास्त वेळा दिसतो तो डिस्कचा आकडा: शंभर टक्के. इथे लोक घाबरतात किंवा गोंधळतात, म्हणून जरा थांबून सांगते. शंभर टक्के म्हणजे डिस्क पूर्ण वेळ कामात गुंतली आहे, एवढंच. त्याच्याच खाली दोन आकडे असतात, ते एकत्र वाचायचे: दर सेकंदाला किती डेटा जातोय, आणि सरासरी रिस्पॉन्स टाइम किती. शंभर टक्के आणि सेकंदाला ऐंशी-शंभर एमबी, म्हणजे डिस्क खरंच राबते आहे. शंभर टक्के, पण वेग अर्धा एमबी आणि रिस्पॉन्स टाइम दोन-तीन हजार मिलिसेकंद, तर डिस्क एकाच जागी अडून बसली आहे. निरोगी फिरत्या हार्ड डिस्कचा रिस्पॉन्स टाइम साधारण दहा-वीस मिलिसेकंद असतो. कामाच्या रेट्यात तो काही वेळ वाढतो, पण हजारांत जाऊन तिथेच राहत नाही.

फिरती डिस्क मुळातच मंद, हेही लक्षात घ्या. मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणाऱ्या डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची, त्यात वाचणारं डोकं योग्य पट्ट्यावर न्यायला आणखी तेवढाच वेळ. म्हणजे विखुरलेल्या छोट्या फाइल्स सेकंदाला शंभराच्या आतबाहेरच वाचता येतात, आणि विंडोज सुरू होताना अशा हजारो वाचतं. तुमची तक्रार फक्त "चालू व्हायला वेळ लागतो" एवढीच असेल, तर टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअपच्या यादीतले नको ते प्रोग्रॅम बंद करा, आणि शक्य असेल तर डिस्कच्या जागी एसएसडी (फिरणारे भाग नसलेली, चिपवाली वेगवान डिस्क) बसवा. दहा वर्षांच्या जुन्या मशीनलाही त्याने जो फरक पडतो तो दुसऱ्या कशाने पडत नाही.

३. डिस्कची तब्येत

माझ्या वहीतली सगळ्यात जाड रांग हीच, म्हणून ही तपासणी कुणीही चुकवू नये. प्रत्येक डिस्क आपल्या आजारपणाची नोंद स्वतःच ठेवते. तिला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत प्रोग्रॅम ती नोंद दाखवतो. वर निळा चौकोन म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे गेली.

रंगावर थांबू नका, खालची यादी वाचा. चार ओळी पुरेत.

०५ ही ओळ सांगते की डिस्कने किती खराब जागा कायमच्या बाद करून त्याऐवजी राखीव जागा वापरल्या. सी५ म्हणजे वाचताना अडलेल्या आणि अजून निकाल न लागलेल्या जागा. सी६ म्हणजे दुरुस्तच होऊ न शकलेल्या. या तिघींच्या शेवटच्या रकान्यात सगळी शून्यं हवीत. एखादा आकडा दिसला तर लगेच रडायला नको. तो तारखेसकट लिहा आणि आठ दिवसांनी पुन्हा बघा. स्थिर असेल तर डिस्क काही काळ निभावेल, पण तिच्यावर एकुलती एक प्रत ठेवू नका. वाढत असेल तर बदला. विषय संपला.

सी५ असताना मशीन का अडकतं? डिस्क ती जागा वाचायला जाते, जमत नाही, डोकं मागे-पुढे करून पुन्हा वाचते, पुन्हा जमत नाही. हे कित्येक सेकंद चालतं. तोवर विंडोज दारात उभं. मग सगळ्या क्लिक एकदम उघडतात, त्याचं कारण हे.

चौथी ओळ सी७. तिथे आकडा असेल तर डिस्क नाही, केबल दोषी असू शकते. याबद्दल पुढे.

एक शिक्षिका आपलं मशीन घेऊन आल्या, त्याच्यावर वर्षभरात तीनदा फॉरमॅट मारला होता. दर वेळी पैसे दिले, दर वेळी महिनाभर बरं. पहिल्या दिवशी सी५ मध्ये ८ होते. डेटा उतरवून मी मुद्दाम आठवडाभर मशीन तसंच चालवून पाहिलं, तर आकडा दोनशेच्या पुढे गेला. तीन फॉरमॅटच्या पैशांत एसएसडीची निम्मी किंमत निघाली असती.

चेकडिस्क चालवू का, असं सगळे विचारतात. खराब जागा शोधणारी सविस्तर चेकडिस्क सगळी डिस्क टोकापासून टोकापर्यंत वाचते. मरायला टेकलेल्या डिस्कवर, डेटा बाहेर काढण्याआधी, ती चालवणं म्हणजे दम्याच्या रुग्णाला रायगड चढायला लावण्यासारखं आहे. डेटा काढून झाल्यावर चालवा हवी तर.

एसएसडीला आवाज नसतो आणि ती फारशी पूर्वसूचनाही देत नाही. कधी फक्त वाचता येते पण लिहिता येत नाही, कधी एका सकाळी दिसेनाशीच होते. तिची हेल्थची टक्केवारी बघत राहा आणि प्रत दुसरीकडे ठेवा, दुसरा उपाय नाही.

४. विंडोजची डायरी

स्टार्टवर उजवी क्लिक करून इव्हेंट व्ह्युअर, मग विंडोज लॉग्ज, मग सिस्टिम. लाल-पिवळ्या ओळींचा डोंगर दिसेल, त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी असतात. मशीन हँग झालं त्या वेळेच्या ओळी बघा. डिस्कच्या नावाने ७ किंवा १५३ हे क्रमांक, किंवा डिस्कच्या कंट्रोलरच्या नावाने १२९ असेल तर संशय डिस्क किंवा केबलवर. कर्नल-पॉवर ४१ एवढंच सांगतो की मशीन रीतसर बंद झालं नाही. तो आजार नाही, बटण दाबून बंद केलंत तरी तो येतो. "व्हिया-लॉगर" (WHEA-Logger) नावाने नोंदी येत असतील तर प्रोसेसर, मदरबोर्ड किंवा त्यांना मिळणाऱ्या विजेची तक्रार आहे. हे दुकानात सांगायला उपयोगी.

५. लिनक्सचा पेन ड्राइव्ह: हार्डवेअर की विंडोज?

माझी सगळ्यात लाडकी तपासणी. ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, उतरवून घ्या (रूफस नावाच्या मोफत प्रोग्रॅमने होतं, पेन ड्राइव्हवरचं जुनं सगळं पुसलं जाईल). मशीन चालू होताना एफ१२, एफ११ किंवा एफ८ दाबून पेन ड्राइव्हवरून सुरू करा. लिनक्स काहीही न बसवता थेट चालतं. पडद्यावर "इन्स्टॉल" लिहिलेलं चिन्ह दिसेल, त्याला हात लावू नका.

आता तासभर वापरा, व्हिडिओ लावा. इथे हार्ड डिस्कचा वापर होत नाही, हीच गंमत. लिनक्सवरही मशीन गोठलं तर विंडोज आणि डिस्क सुटले. दोष रॅम, उष्णता, वीज किंवा मदरबोर्डचा. लिनक्सवर मशीन लोण्यासारखं चाललं तर दोष डिस्कचा किंवा विंडोजचा, आणि स्मार्टचे आकडे स्वच्छ असतील तर विंडोजचा. तिथे फॉरमॅट मारायला माझी हरकत नाही.

विंडोज सुरूच होत नसेल तर याच मार्गाने डिस्क उघडून डेटा बाहेर काढता येतो.

६. झाकण उघडा: धूळ आणि उष्णता

इथून पुढे स्टार स्क्रूड्रायव्हर लागेल. मशीन वॉरंटीत असेल तर आधी कार्डावरच्या अटी वाचा. बटण बंद, पिन भिंतीतून काढलेली, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच आत हात घाला. (आपल्याकडे या सगळ्या डब्यालाच "सीपीयू" म्हणतात. दुकानात "सीपीयू बदलायचाय" म्हणालात तर महागात पडेल, कारण खरा सीपीयू म्हणजे आतली काडेपेटीएवढी चिप.)

साफसफाईआधी एक फुकट परीक्षा आहे. बाजूचं झाकण काढून टेबल फॅनचा वारा आत सोडा आणि नेहमीचं काम करा. हँग होणं थांबलं तर निदान झालं: उष्णता. प्रोसेसर शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास गेला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, तरी नाही भागलं तर मशीन बंद करतो. विदर्भात मे महिन्यात खोलीचंच तापमान चाळिशीच्या वर असतं, तिथे ही मर्यादा गाठायला वेळ लागत नाही.

शेजारच्या काकांची तक्रार होती की लेकीचा कॅनडाहून व्हिडिओ कॉल आला की पंधराव्या मिनिटाला तिचं तोंड उघडंच राहतं. त्यांनी इंटरनेट कंपनी दोनदा बदलली. मी झाकण उघडलं तर प्रोसेसरच्या पंख्याखाली धुळीची गादी, आणि तिच्यावर पालीची दोन अंडी. व्हिडिओ कॉल प्रोसेसरला राबवतो, म्हणून दुखणं तेवढ्याच वेळी बाहेर यायचं.

धूळ ब्लोअरने किंवा मऊ ब्रशने काढा, आणि पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. वाऱ्याने गरगर फिरू दिलं तर बेअरिंग खराब होऊ शकतं. पंखा सगळ्या वेगांत सरळ फिरतो ना, ते चालू करून बघा. इंटेलच्या गोल कूलरला प्लास्टिकच्या चार खुंट्या असतात. त्यातली एक जरी वर आली असेल तरी कूलर तिरपा राहतो आणि प्रोसेसर तापतो. पाच-सहा वर्षांत थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत पोचवणारा मधला लेप) सुकून चुना होते. कूलर काढून नवी पेस्ट लावायला जमेल का, याबद्दल खात्री नसेल तर हे काम दुकानात द्या.

लॅपटॉपचं खालचं झाकण घरी उघडू नका. आणि टचपॅड वर आल्यासारखा वाटत असेल किंवा लॅपटॉप टेबलावर डगमगत असेल, तर बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, बंद करा, दाबू नका, टोचू नका. फुगलेली बॅटरी पेट घेते.

७. रॅम

मशीन बंद, पिन बाहेर. दोन्ही बाजूंचे खटके उघडून रॅमची पट्टी सरळ वर काढा. तिच्या सोनेरी दातांवर पांढऱ्या खोडरबराने हलका हात फिरवा, कचरा झटका, खाच जुळवून पुन्हा "खट्" होईपर्यंत दाबा. आमच्याकडे कोकणात चार महिने दमट हवा. दातांवर न दिसणारा थर बसतो आणि संपर्क तुटक होतो. जूनमध्ये बंद ठेवलेलं आणि गणपतीला चालू केलेलं मशीन तर हमखास याच कारणाने रुसतं. पावसाळ्यात वापर नसला तरी आठवड्यातून दोनदा अर्धा तास चालू ठेवा.

तरीही हँग होत असेल तर विंडोजची मेमरी डायग्नॉस्टिक चालवा. त्याहून कडक परीक्षा हवी असेल तर मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवरून रात्रभर. एक चूक दिसली तरी रॅम नापास. यात पस्तीस टक्क्यांना पास नाही. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून तपासा. चूक पट्टीबरोबर फिरली तर पट्टी खराब, खाचेपाशीच राहिली तर मदरबोर्ड.

खराब रॅमचा खरा त्रास हँगचा नाही. ती चुपचाप चुकीचा डेटा डिस्कवर लिहवते. फोटो अर्धे करडे होतात, फाइल उघडत नाही. म्हणून चालढकल करू नका.

८. केबल

डिस्कची सपाट साटा केबल दोन्ही टोकांनी काढून घट्ट लावा, किंवा सरळ नवी घाला. आतल्या सगळ्या भागांत ही सर्वात स्वस्त. मग सी७ चा आकडा बघत राहा. तो मागे जाणार नाही, पण वाढायचा थांबला तर दोष केबलचाच होता.

९. वीज: एसएमपीएस, यूपीएस, अर्थिंग

फ्रिज सुरू झाला की मशीन रीस्टार्ट होतं? कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात? मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही किंवा तुटलेलं आहे. एसएमपीएसच्या आत येणारा विद्युत-गोंगाट जमिनीत सोडायला छोटे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) असतात. जमीनच न मिळाल्यावर ती वीज पत्र्यावर येते. कॉम्प्युटरवाला नको, वायरमन बोलवा. तीन पिनांचं दोन पिनांत रूपांतर करणारा जोड वापरत असाल तर तो आजच फेका.

यूपीएस बाजूला काढून मशीन थेट भिंतीच्या सॉकेटला लावून बघा. घरगुती यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते, आणि वीज गेल्याच्या क्षणी मशीन पडतं ते त्यामुळेच.

बायोसमध्ये हार्डवेअर मॉनिटर नावाचं पान असतं. तिथे १२ व्होल्टची रेषा ११.४ ते १२.६ च्या आत, ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ च्या आत हवी. बायोसचे आकडे ढोबळ असतात, पण ११.१ वगैरे दिसलं तर दुर्लक्ष करू नका. पक्कं निदान एकच: चांगला चालणारा एसएमपीएस लावून दोन दिवस बघणं. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड इथे नवा घ्यायला गेलात तर डब्यावरच्या "४५० वॉट"ला भुलू नका. नावाजलेल्या बनावटीचा आणि वॉरंटीचा घ्या, आणि हातात घेऊन वजन बघा.

एसएमपीएसचं खोकं मात्र कधीही उघडायचं नाही. आतल्या कपॅसिटरवर ३२० व्होल्टच्या वर डीसी साठलेलं असतं आणि पिन काढल्यावरही ते काही काळ टिकतं.

कुठे थांबायचं

टकटक आवाज येत असेल आणि आतल्या डेटाची प्रत नसेल तर मशीन पुन्हा चालू करू नका. "एकदाच बघू" म्हणून चालू केलेल्या प्रत्येक मिनिटाला आतली तबकडी खरवडली जात असू शकते. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. फक्त डेटा रिकव्हरीच करणाऱ्याकडे डिस्क द्या, दर आधी विचारा. फोटो त्या दराएवढे मोलाचे आहेत का, हे तुम्हीच ठरवायचं.

मदरबोर्डवरचे छोटे उभे डबे, म्हणजे कपॅसिटर, वरून सपाट असतात. फुगलेले किंवा चिकट गळती झालेले दिसले तर थांबा. जळका वास आला तर पिन काढा आणि थांबा. रॅम, डिस्क, केबल, एसएमपीएस सगळं बदलूनही गोठत असेल तर मदरबोर्ड किंवा प्रोसेसर उरतो. ते घरी होणारं काम नाही.

पाण्यात गेलेलं मशीन तर मुळीच चालू करू नका. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठी नदीचं पाणी घरांत शिरलं, त्यानंतर कित्येकांनी कॅबिनेट उन्हात वाळवून बटण दाबलं आणि वाचू शकली असती ती डिस्कही घालवली. ओल्या मशीनमधून डिस्क काढून तशीच रिकव्हरीवाल्याकडे न्यायची असते.

खर्चाचंही बघा. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे, प्रोसेसर इंटेलचा असेल तर, थोडे अपवाद सोडता आठव्या पिढीपासून पुढच्यांवरच चालतं. त्याहून जुन्या मशीनला एसएसडी घालून लिनक्सवर चालवणं पटण्यासारखं आहे. नवा मदरबोर्ड घालणं मला तरी पटत नाही.

दुरुस्तीला देताना तुमचा लक्षणांचा कागद आणि स्मार्टच्या पडद्याचा फोटो सोबत द्या. बिलावर बदललेल्या भागाचा नंबर लिहून घ्या. आणि जुनी डिस्क परत मागा, बिघडलेली असली तरी. तिच्यावर तुमच्या घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं असतात.